विहिरींची वही आणि पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज

प्रश्न, थोडक्यात: "मॅडम, मी संभाजीनगरला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव गेवराई तालुक्यात. सीजीपीए ७.४. दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता, पुढच्या खेपेला निघाला. पाण्याच्या विषयात बाहेर एमएस किंवा इथेच एमटेक करायचंय. एक कन्सल्टन्सी ऐंशी हजार मागते. एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन), शिफारसपत्रं सगळं तेच लिहून देणार. प्रोफाइल वीक आहे म्हणतात. पेपर नाही, इंटर्नशिप नाही, प्रोजेक्ट सीनियर्सपासून चालत आलेला. गावातल्या चौदा विहिरींचं पाणी उन्हाळाभर मोजलं होतं, पण ते प्रोजेक्टमध्ये धरलं नाही. अर्ज दमदार कसा करायचा?"

तुझा निरोप मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात मलाही सीजीपीए, एम-थ्री आणि ऐंशी हजार एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना विहिरींपाशी अडखळले. चौदा विहिरी, उन्हाळाभर, आणि तू ते "पण" लावून सांगतोस! अख्ख्या पत्रात कुणाला दाखवण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे. म्हणून तर तुझ्याकडून वहीचे फोटो मागवून घेतले.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. भूशास्त्र शिकवते, वीसेक वर्षं झाली. पीएचडी जर्मनीत केली. तिथे असताना दोन हंगाम विभागाच्या एमएस्सीसाठी आलेले अर्ज वाचायला बसले होते. परत आल्यापासून दरवर्षी ऑक्टोबर ते जानेवारी टेबलाच्या या बाजूला असते: पोरांची शिफारसपत्रं लिहिते, एसओपीवर लाल पेन चालवते.

त्या बाजूला काय चालतं ते ऐक. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. पहिल्या वाचनात एका अर्जाला आम्ही पाच-सात मिनिटं द्यायचो. आधी गुणपत्रक, मग शिफारसपत्रं आणि शेवटी एसओपी. वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: हे पोरगं इथे आलं तर काम तडीला नेईल का? हुशार सगळेच असतात, निदान शिफारसपत्रांत तरी. आपण जे म्हणतो त्याच्यामागे काही ठेवलंय असा अर्ज मात्र क्वचित हाती यायचा. आला की शेजारच्याला कोपराने ढोसून दाखवायचो.

आता गुणपत्रक. एकूण सीजीपीए सगळे बघतात, पण जाणकार वाचणारा ओळी वाचतो. पाण्याचा विषय मागतोस तर हायड्रॉलॉजी, फ्लुइड मेकॅनिक्स, जिओटेक्निकल आणि गणित, या चार-पाच ओळींवर बोट ठेवलं जाणार. तिथे तुझे गुण चांगले असतील तर ७.४ चा बाऊ करू नकोस. एम-थ्री राहिला होता हे लपवू नकोस आणि त्याचं रडगाणंही गाऊ नकोस. बऱ्याच अर्जांत जादा माहितीसाठी वेगळी जागा असते. तिथे दोन वाक्यं पुरतात: अमुक सत्रात हा विषय राहिला, पुढच्या परीक्षेत इतक्या गुणांनी निघाला. कारण खरं आणि छोटं असेल तर तेही लिही. त्याहून बरं म्हणजे गणिताची भरपाई कृतीने कर. एनपीटीइएल या ऑनलाइन शिकवणीच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे बारा आठवड्यांचे कोर्स असतात, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. डिफरन्शियल इक्वेशन्सचा एक कोर्स या सत्रात कर. भूजलाचं निम्मं गणित तेच आहे, म्हणजे कोर्स अर्जासाठी केलास तरी वाया जाणार नाही.

जर्मनीचा विचार असेल तर एक बारीक गोष्ट, जी कन्सल्टन्सीवाले सहसा सांगत नाहीत. तिथे आपले गुण त्यांच्या मोजपट्टीवर बसवतात. सूत्र सोपं आहे: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि पास होण्यापुरते किमान गुण यांच्यातल्या फरकाने भाग, तीनने गूण, एक मिळव. १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. तुझा ७.४ घे. कमाल १०. पास होण्याचा किमान आकडा ४ धरला तर उत्तर २.३ येतं. तोच किमान आकडा ५ धरला तर २.५६. बऱ्याच कोर्सना २.५ ची अट असते. म्हणजे मुलगा तोच, गुण तेच. किमान आकडा कोणता धरला जातो त्यावर तू दाराच्या आत की बाहेर ते ठरू शकतं. तेव्हा तुमच्या विद्यापीठाच्या नियमांत पास होण्याचा किमान आकडा काय आहे ते बघ आणि ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या सत्रांच्या गुणांच्या उताऱ्यावर) किंवा वेगळ्या पत्रावर तो लिहून, शिक्का मारून घे. आकडा असेल तो असेल, फक्त तो कागदावर पाहिजे. नाहीतर तिथला कारकून आपल्या अंदाजाने धरतो.

ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो. किती, ते परीक्षा विभागाची पायरी चढल्याशिवाय कळत नाही. "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या" हे तू ऐकणारच, म्हणून आत्ता जुलैत अर्ज टाक. पाच प्रती मोहोरबंद पाकिटात आणि एक स्कॅन माग. जर्मनीला जायचं तर एपीएस प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला. २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. त्यातही आठवडे जातात.

आता वही. फोटो नीट पाहिले. दोनशेपानी वही, वर तारीख, खाली एक ते चौदा नंबर. पहिले तीन रविवार तू पाणी परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, लिहिलंयस, "पाच परस", "साडेतीन परस". मग चौथ्या रविवारपासून फूट सुरू झालेत, म्हणजे तेव्हा टेप आला असणार. मला ते फार आवडलं. पण एक परस म्हणजे कुणाचा परस? आजोबांचा की तुझा? ते तीन आठवडे खोडू नकोस, फूट करून घुसडूही नकोस. वेगळे ठेव आणि लिही की हे अंदाजे आहेत. मोजमापातली चूक स्वतःहून सांगणारा मुलगा प्रयोगशाळेत सगळ्यांना हवा असतो.

दुसरी गोष्ट समासातली. मार्चच्या तिसऱ्या रविवारी सहा नंबरच्या पुढे "आटली" लिहिलंयस आणि सातच्या पुढे पेन्सिलीने "हिला पानी कुठून?" विचारलं तेव्हा तू फोनवर सांगितलंस की दोन्ही विहिरी एकाच बांधाच्या दोन बाजूंना आहेत, मधे साठ फूट अंतर, खोली सारखीच. सहा मार्चमध्ये कोरडी पडली आणि सातला मे अखेर नऊ फूट पाणी. समासातला तो पेन्सिलीचा प्रश्न हाच तुझा एसओपी. बाकी सगळं त्याच्याभोवती लिहायचंय.

आधी वहीचं सोनं कर. दोन रविवार पुरतील. प्रत्येक विहिरीचं ठिकाण मोबाईलवर घे, खोली नि व्यास मोज, कठड्याची जमिनीपासूनची उंची लिही (हे सगळे विसरतात आणि मग पातळ्या एकमेकींशी जुळत नाहीत). आकडे एक्सेलमध्ये भर, आलेख काढ. तुमच्या महसूल मंडळातल्या पावसाची नोंद मिळव. मग बीडला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा आणि तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीचे आकडे माग. ते वर्षातून चार वेळा पातळी घेतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुझ्याकडे दर आठवड्याची आहे. त्यांच्या दोन नोंदींच्या मधल्या काळात काय होतं ते तुझ्या वहीत दिसतं. कार्यालयात कुणी वैतागलं तर वैतागू दे. एखादा तरुण भूवैज्ञानिक भेटला की तो तुला चहा पाजून खडकाचे नकाशे दाखवेल, हे माझ्या अनुभवाचं आहे. संभाजीनगरलाच आहेस तर वाल्मी या पाणी आणि जमीन व्यवस्थापनाच्या संस्थेच्या ग्रंथालयातही एक दिवस घाल. मग सहा-आठ पानांचं टिपण इंग्रजीत तयार कर. पेपर नाही म्हणून झुरण्यापेक्षा हे टिपण अर्जाला जोड. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणारी जर्नल्स समितीला माहीत असतात. तसला पेपर अर्जात दिसला की आम्ही उरलेल्या अर्जाकडेही संशयाने बघायचो.

एसओपी. कन्सल्टन्सीचा नमुना म्हणून जो मजकूर पाठवलास त्याचं मराठी करते: "लहानपणापासून दुष्काळाच्या झळा सोसताना माझ्या मनात पाण्याविषयी अपार तळमळ निर्माण झाली. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा मी जलक्षेत्रात योगदान देण्याचा निश्चय केला. आपल्या नामांकित विद्यापीठाच्या जागतिक दर्जाच्या सुविधा…" बाबा रे, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ती गाडी मराठवाड्यातल्या निम्म्या एसओपींतून अजून धावतेय. ती खरी आहे, पण ती तुझी नाही. हेच वाक्य लातूरचा, जालन्याचा, परभणीचा कुणीही लिहू शकतो, आणि कन्सल्टन्सी त्या सगळ्यांना लिहून देतेच.

आता वहीतून आलेला परिच्छेद बघ. इंग्रजी तू करशील, मी मराठीत सांगते:

"फेब्रुवारी ते मे मी गावातल्या चौदा विहिरींची पाणीपातळी दर रविवारी मोजली. सहा आणि सात नंबरच्या विहिरी एकमेकींपासून साठ फुटांवर आहेत, खोली सारखी. सहा मार्चमध्ये आटली. सातमध्ये मेच्या शेवटी नऊ फूट पाणी होतं. सहाचा उपसा जास्त असेल असं मला वाटलं, पण मोटारीचे तास विचारले तर सातचाच उपसा जास्त निघाला. सातच्या भिंतीत खडक भेगाळलेला दिसतो; सहाच्या तळाशी अखंड काळा पाषाण आहे. फरक या भेगांमुळे पडतो असा माझा अंदाज आहे. तो तपासायला विद्युत प्रतिरोध चाचणी करावी लागेल. ती मी केलेली नाही, आणि तिचे आकडे कसे वाचायचे तेही मला येत नाही. तेच शिकायला मी हा अर्ज करतो आहे."

यात तळमळ हा शब्द नाही, दुष्काळ हाही नाही. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. मोटारीचे तास मी माझ्या मनाने घातलेत. तू विचारले नसशील तर आधी जाऊन विचार. उत्तर उलटं आलं तर परिच्छेद उलटा लिही. आणि विचारणं जमलंच नाही, तर ते वाक्य काढून टाक. मुलाखतीत कुणी तेवढंच नेमकं विचारतं, आणि मग घाम फुटतो.

लिहायला बसशील तेव्हा थेट इंग्रजीत बसू नकोस. फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि गावातल्या मित्राला सांगतोस तसं सगळं सांग. मग ते ऐकून उतरवून काढ आणि त्याचं साधं इंग्रजी कर. थेट इंग्रजीत बसलं की आपल्या हातून "पॅशनेट" आणि "एस्टीम्ड" आपोआप उतरतात. हल्ली मशीनकडून लिहून घेतलेले एसओपीही तसेच गुळगुळीत असतात, बोट ठेवायला जागाच नसते. इंग्रजी साधं असल्याने कुणाचा अर्ज मागे पडलेला मी पाहिला नाही.

उरलेल्या एसओपीत दोन गोष्टी. हाच कोर्स का, आणि पुढे काय. "का" मध्ये विद्यापीठाचं कौतुक नको. त्यांच्या अभ्यासक्रमातला कोणता विषय, कुणाचं कोणतं काम तुझ्या सहा-सातच्या कोड्याला लागू पडतं ते लिही. त्यासाठी त्या माणसाचे एक-दोन पेपर खरोखर वाचावे लागतात. "पुढे काय" मध्ये जगाचा पाणीप्रश्न सोडवू नकोस. कठीण खडकातल्या भूजलावर काम करायचंय एवढं पुरे. शब्दमर्यादा दिली असेल ती पाळ. आणि विद्यापीठाचं नाव प्रत्येक अर्जात बदललंय ना, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही. दुसऱ्याच विद्यापीठाच्या प्रेमात पडलेले अर्ज आम्हाला दर हंगामात दोन-तीन तरी मिळायचे.

शिफारसपत्रांवर जरा रेंगाळते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त माती तिथे खाल्ली जाते. तू सरांकडे जाणार, सर म्हणणार, "ड्राफ्ट करून आण, सही करतो." सर वाईट नसतात. त्यांच्यामागे शंभर पेपर तपासायचे असतात आणि असलं पत्र त्यांनी स्वतःही कधी पाहिलेलं नसतं. मग तू तीन पत्रं लिहितोस, तिन्हींत तू "सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल". तिन्हींची वाक्यं एकाच हातची. आम्ही ती शेजारी-शेजारी ठेवून वाचतो, हे तुला सुचत नाही.

असं कर. पत्र लिहून नेऊ नकोस, एक पानाचं टिपण ने. त्यात तू त्यांच्याकडे कोणता विषय कधी शिकलास, किती गुण, त्यांच्या समोर काय केलंस, कुठे अडलास आणि कसा सुटलास, कुठे अर्ज करतोस, मुदत कधीची. सोबत विहिरींचं टिपण आणि एसओपीचा मसुदा. आणि म्हण, "सर, दहा मिनिटं द्या. तुम्ही सांगा, मी टाइप करतो." सरांच्या तोंडून येईल ते तुला कधीच सुचलं नसतं. मागे एका विद्यार्थिनीने तिच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांना असंच बोलतं केलं. ते म्हणाले, "हिने प्रॅक्टिकलला व्हेंचुरीमीटरचा (नळीतला प्रवाह मोजायच्या साधनाचा) गुणांक एकपेक्षा जास्त, म्हणजे अशक्य, आला म्हणून जर्नल सबमिट करायला नकार दिला. बाकीच्या बॅचने मागच्या वर्षीचे आकडे उतरवले. ही दुपारभर थांबली आणि नळीत अडकलेली हवा शोधून काढली." या चार ओळींपुढे दहा "हार्डवर्किंग" फिके.

कुणाकडून घ्यायची? प्रोजेक्ट गाइड, पाण्याच्या किंवा गणिताच्या विषयाचे शिक्षक, आणि विहिरींचं काम ज्यांनी पाहिलं असा कुणी. भूजल कार्यालयातला तो चहावाला भूवैज्ञानिक डिसेंबरपर्यंत तुला नीट ओळखत असेल तर तोही. प्राचार्यांचं नको, त्यांनी तुला फक्त गॅदरिंगला पाहिलंय. आमदारसाहेबांचं तर मुळीच नको. हसू नकोस, अशी पत्रं येतात, लेटरहेडवर, अशोकस्तंभासकट. पत्र आजकाल पोर्टलवरूनच जातं आणि शिक्षकाचा कॉलेजचा इमेल मागतात. सरांकडे फक्त जीमेल असेल तर कॉलेजकडून अधिकृत इमेल उघडून घ्यायला आत्ताच सांग. अमेरिकेच्या अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडतोस का असं विचारतात. सोडतो म्हण, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. मुदतीआधी तीन आठवडे एकदा आणि एक आठवडा एकदा आठवण कर. निकाल काहीही लागो, नंतर पेढे घेऊन जा.

आता माझी स्वतःची फजिती. पहिल्या वर्षी मी पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही गेले. चार ठिकाणी नकार आला, त्याला मी लायकच होते. पाचव्या ठिकाणाहून काहीच आलं नाही. दोन महिन्यांनी इमेल करून विचारलं तर कळलं, माझा अर्ज अपूर्ण म्हणून पडून होता. दहावी-बारावीपासून माझं नाव आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर पासपोर्टच्या नावाने गेला, ट्रान्सक्रिप्ट गुणपत्रकाच्या नावाने, आणि तिथल्या कार्यालयाने दोन वेगळ्या मुलींच्या दोन फायली उघडल्या. एकीला स्कोअर नाही, दुसरीला डिग्री नाही. मुदत टळून गेली होती. तेव्हा पासपोर्ट काढला नसशील तर काढताना नाव आणि आडनावाचे रकाने विचार करून भर, आणि सगळ्या परीक्षांचे, अर्जांचे फॉर्म पासपोर्टबरहुकूम भर. स्पेलिंगमध्ये एका एची कमी-जास्त असेल तर ती आत्ता दुरुस्त कर. मैत्रिणींना सांग, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत अर्जाच्या फायलीत पहिल्याच पानाला लावा.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे मिळते. जीआरई, म्हणजे बाहेरच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, २०२३ च्या सप्टेंबरपासून दोन तासांच्या आत आटोपते, स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केलीय. तुला हवे ते कोर्स मागत नसतील तर त्या पैशांत आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दे. आयईएलटीएस आणि टोफेल दोन वर्षं चालतात. गेट, आपल्याकडच्या एमटेकची प्रवेशपरीक्षा, मात्र नक्की दे. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, स्कोअर तीन वर्षं वैध. बाहेरचं फिसकटलं तरी हातात काही राहतं. रुरकी आयआयटीत हायड्रॉलॉजीचा स्वतंत्र विभाग १९७२ पासून आहे. आणि गेटवाल्या एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मुंबई आयआयटीतलं सितारा केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं, तिथे तुझी वही घेऊन मुलाखतीला जाशील तर गप्पा रंगतील. इथलं घेतलं म्हणजे कमी घेतलं असं समजू नकोस. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी कसं वागतं हे शिकायला बर्लिनपेक्षा बीड जवळ आहे.

किती ठिकाणी अर्ज करावेत? सहा ते आठ. रँकिंगची यादी बाजूला ठेव आणि कठीण खडकातल्या भूजलावर कोण काम करतंय ते शोध. डेल्फ्टची आयएचई ही संस्था पाण्याच्याच शिक्षणासाठी आहे, तिकडे बघ. संशोधनाची एमएस किंवा पीएचडी मागत असशील तर प्राध्यापकाला आधी इमेल कर. पाच वाक्यं: मी कोण, तुमच्या अमुक पेपरातली अमुक गोष्ट वाचली, माझ्याकडे असे आकडे आहेत, असा प्रश्न पडलाय, पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार का. एकच मजकूर शंभर जणांना पाठवणाऱ्यांची इमेल पहिल्या ओळीत ओळखू येतात. नुसत्या शिकवणीच्या मास्टर्ससाठी मात्र अशा इमेलचा फारसा उपयोग नाही.

पैसा. अमेरिकेत पीएचडीला सहसा फी माफ आणि वर विद्यावेतन असतं, एमएसला ते क्वचित. म्हणून "आधी एमएस, मग बघू" हे हिशेबाने महाग पडू शकतं. अर्जाची फी तिथे शंभर डॉलरच्या आसपास जाते. अडचण असेल तर मुदतीआधी विभागाला लिहून माफी माग, बऱ्याचदा देतात. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा ११,९०४ युरो झाला. डाड या जर्मन संस्थेच्या विकास-विषयक कोर्सच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅमसारख्या भूजलाच्या संस्थेत दोन वर्षं काम करून जाणं हा मागे पडण्याचा नव्हे, पुढे जाण्याचाही रस्ता असू शकतो. घरी हे पटवणं अवघड जाईल, मला कल्पना आहे.

तू प्रवर्ग लिहिला नाहीस, लिहायची गरजही नाही. पण राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, इतर प्रवर्गांसाठी राज्याचे वेगवेगळे विभाग आहेत. या सगळ्यांत प्रवेशपत्रापेक्षा कागदच आधी अडतात: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला आणि त्याची व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटी नसेल तर ट्रान्सक्रिप्टच्या आधी तिच्या मागे लाग. सगळ्यांना खुली अशी जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे, १८९२ पासूनची. बँकेच्या कर्जाचं एक सांगते: वडिलांची चार एकर काळीभोर जमीन असली तरी शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. घर किंवा एनए प्लॉट लागतो. हे मे महिन्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

प्रवेश आला तर घाई करू नकोस. अमेरिकेत आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला लावत नाहीत, असा तिथल्या पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेला ठराव आहे. तोवर तुलना कर.

राहिली कन्सल्टन्सी. यातल्या अनेकांना विद्यापीठांकडून विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं, त्यामुळे त्यांची यादी तुझ्यासाठी आहे की त्यांच्यासाठी, हे तूच विचार. व्हिसाचे कागद तपासायला, फॉर्म भरायला मदत घे, त्याचे वाजवी पैसे दे. एसओपी आणि शिफारसपत्रं त्यांच्या हाती देऊ नकोस. ऐंशी हजारांत आयईएलटीएस, ट्रान्सक्रिप्ट, चार-पाच अर्जांची फी आणि बीडच्या चकरा, सगळं बसतं.

सोमवारी परीक्षा विभागात जा. रविवारी गावी जाशील तेव्हा सहा आणि सातच्या मोटारीचे तास विचार, दोन्ही विहिरींच्या भिंतींचे फोटो काढ, पट्टी शेजारी धरून. आता पाऊस झालाय, पातळी वर आली असेल, दोन्हींची मोज. सहा किती दिवसांत भरली आणि सात किती, ते वहीत लिही. आणि ते पान मला पाठव.